पिल्लांच्या आतड्याचा पहिला आठवडा

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा शिल्लक साठा असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरते, म्हणूनच हॅचरीतून दूरवर पिल्ले पाठवता येतात. पण तग धरणे वेगळे आणि वाढीला लागणे वेगळे. पहिल्या आठवड्यात आतडे बाकीच्या शरीरापेक्षा वेगाने वाढते आणि ही वाढ खाद्य पोटात पडल्यावरच जोर धरते. पिल्ले शेडवर उतरताच आधी पाणी, पाठोपाठ खाद्य, हा क्रम त्यासाठीच.

पचन उबेवर अवलंबून असते. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते; पुढे ते दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी उतरवावे. थर्मामीटर हवाच, पण पिल्ले जास्त खरे सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढलेली पिल्ले गारठलेली असतात. कडेला पळून, चोच उघडून धापा टाकणारी तापलेली. गारठलेले पिल्लू खाद्याकडे फिरकत नाही. विष्ठा चिकटून गुदद्वार बंद झाले असेल, तर ती जागा कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून पुसावी, वाळलेली विष्ठा ओढू नये. अशी पिल्ले बरीच दिसली तर पहिला संशय तापमानावर घ्यावा.

उतरल्याच्या रात्री शेडच्या वेगवेगळ्या भागांतली काही पिल्ले उचलून अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. ती मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर सारे ठीक. टणक लागली तर पाणी कमी पडते आहे, नुसती पाण्याने फुगलेली असेल तर खाद्य सापडलेले नाही. दुसऱ्या सकाळपर्यंत १०० पैकी किमान ९५ पिल्लांची अन्नपिशवी भरलेली हवी. या तपासणीला खर्च नाही, तरी ती सर्रास टाळली जाते.

कोंबडीखाली उबलेल्या पिल्लाला उपयुक्त जिवाणू आईकडून मिळतात. यंत्रातल्या पिल्लाला ते मिळत नाहीत. फिनलंडमधील नुर्मी आणि रांटाला यांनी १९७३ मध्ये प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना देऊन साल्मोनेला रोखता येतो, हे दाखवले. आजच्या प्रोबायोटिकमागे हाच विचार आहे. मात्र त्याच्याच जोडीला अँटिबायोटिक पाजले, तर दोन्हींचा खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

तिसऱ्या आठवड्यापासून खरी भीती रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची. तिचे बीजांड ओल्या, उबदार तुसात एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होते आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. त्यामुळे गळकी भांडी, पावसाळ्यात दिवसभर पाडून ठेवलेले पडदे आणि न हलवलेले तूस हीच आजाराची मुळे. मूठभर तूस दाबून सोडावे. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. भांड्याखालचे ओले तूस त्याच दिवशी काढून कोरडे टाकावे. बुरशी लागलेल्या मक्यातील विषेही आतडे व यकृत बिघडवतात, त्यामुळे स्वस्त मका अखेर महागात पडतो.

निदान न करता पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक पाजण्याची सवय सुटायला हवी. ती चांगले जिवाणूही मारते आणि माणसांच्या औषधांचा प्रभाव घटवते. याच चिंतेतून केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिनच्या पशुपक्ष्यांमधील वापरावर बंदी घातली. मर वाढल्यास मेलेली पिल्ले पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावीत आणि त्याच्या सल्ल्यानंतरच औषधाची बाटली उघडावी.