बर्लिनवरचं आकाश

विम वेंडर्स यांच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’ची (१९८७) स्तुती मला पटते, तिचं नेहमी दिलं जाणारं कारण पटत नाही. सर्कशीत झुल्यावर कसरती करणाऱ्या मारियोनच्या ओढीने देवदूत दामिएल अमरत्व सोडतो, या प्रेमकथेवर सगळे भाळतात. पण चित्रपटाची कमकुवत बाजू तीच आहे. शेवटी बारमध्ये मारियोन लांबलचक बोलते, तेव्हा पटकथेत साथ देणाऱ्या पेटर हांडके यांची लेखणी ऐकू येते. तिचा स्वतःचा आवाज हरवतो.

खरं मोठेपण आहे ते शहर ऐकण्यात. भिंतीने दुभंगलेल्या बर्लिनमध्ये देवदूत माणसांच्या मनातलं बोलणं ऐकत फिरतात. भुयारी रेल्वेतले हताश प्रवासी, ग्रंथालयातले वाचक, आणि पॉट्सडामर प्लात्सच्या ओसाड माळावर जुना गजबजलेला चौक शोधणारा म्हातारा. ती भूमिका करणारे कुर्ट बोइस हे नाझी राजवटीत देश सोडावा लागलेले ज्यू नट होते. म्हणून त्या शोधाला अभिनयापलीकडचं वजन येतं.

देवदूतांची नजर कृष्णधवल आहे. दामिएल माणूस होतो आणि पडद्यावर रंग उतरतात. तो स्वतःच्या रक्ताची चव घेतो, रंगांची नावं विचारतो, गरम कॉफी पितो. जगण्याचं सुख इतक्या साधेपणाने फार थोड्यांनी दाखवलं आहे.

कान महोत्सवात वेंडर्सना मिळालेला दिग्दर्शनाचा पुरस्कार सार्थच होता. १९९८च्या ‘सिटी ऑफ एंजल्स’ या हॉलिवूड आवृत्तीने प्रेमकथा घेतली, बर्लिन सोडलं.