पूल बंद परळचा, नो पार्किंग करी रोडला: रस्ता बंद होतो तेव्हा किंमत कोण मोजतं?

१२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री मुंबईतला एल्फिन्स्टन पूल वाहतुकीसाठी बंद झाला. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा हा पूल शंभर वर्षांहून जुना होता. तो पाडून तिथे डबलडेकर पूल बांधायचं काम एमएमआरडीएने हाती घेतलं आहे. बातमी सगळीकडे आली, पर्यायी मार्गांचे नकाशे व्हॉट्सॲपवर फिरले.

पण वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेत आणखी एक यादी होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. ना. म. जोशी मार्ग, महादेव पालव मार्ग, सेनापती बापट मार्ग अशा रस्त्यांच्या ठरावीक टप्प्यांवर दोन्ही बाजूंना नो पार्किंग. म्हणजे पूल बंद झाला परळला आणि गाडी लावायची जागा गेली करी रोडच्या माणसाची.

रस्ता बंद होणं आणि पार्किंगचे नियम बदलणं हे आपल्याकडे दोन वेगळे विषय समजले जातात. प्रत्यक्षात ते एकाच वस्तीवर, एकाच वेळी येऊन पडतात. मात्र दोन्हींचा भार एकाच माणसावर पडत नाही. गोंधळ नेमका इथेच होतो.

एक पूल बंद झाला तर शेजारचे रस्ते का तुंबतात?

मध्य मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वेचे रूळ शहराचे उभे तुकडे करतात. परळच्या बाजूला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं. दुसऱ्या बाजूला प्रभादेवी, वरळी, लोअर परळची कार्यालयं. इकडून तिकडे जायचं तर मोजकेच पूल: दादरचा टिळक पूल, एल्फिन्स्टन, करी रोड, चिंचपोकळी.

त्यातला एक गेला की त्याची गर्दी उरलेल्या तिघांवर वाटली जाते. करी रोडचा पूल अरुंद. म्हणून तिथे सकाळी ७ ते दुपारी ३ एका दिशेने आणि दुपारी ३ ते रात्री ११ उलट दिशेने वाहतूक, अशी व्यवस्था ठरवण्यात आली. वाढलेली वाहनं पुढे सरकायला हवीत, तर रस्त्याच्या कडेला उभ्या गाड्या हलवाव्या लागणार. त्यातून ती नो पार्किंगची यादी तयार झाली.

वाहतुकीचा विचार केला तर यात चूक काही नाही. प्रश्न एवढाच, की हलवलेल्या गाड्या कुठे जाणार याचं उत्तर कोणत्याच यादीत नसतं.

पण हे तात्पुरतंच आहे ना?

'तात्पुरतं' या शब्दाचा अर्थ लोअर परळच्या लोकांना विचारावा. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर शहरातल्या रेल्वे पुलांची तपासणी झाली आणि लोअर परळचा डिलाइल पूल धोकादायक ठरला. तो जुलै २०१८ मध्ये बंद झाला. पूर्णपणे खुला झाला नोव्हेंबर २०२३ मध्ये. मध्ये सव्वापाच वर्षं गेली. पूल बंद झाला तेव्हा पाचवीत असलेलं मूल तो उघडला तेव्हा दहावीत होतं.

स्वतः गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तर तिची उंची शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जुळत नव्हती. पूल पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. सायनचा जुना पूल १ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला होता. एल्फिन्स्टन बंद झाला त्या रात्री तोही बंदच होता.

धोकादायक पूल पाडायलाच हवेत, याबद्दल वाद नाही. पण बंदीचा आदेश काढताना काही महिन्यांची गैरसोय गृहीत धरायची आणि प्रत्यक्षात ती काही वर्षं चालायची, असं होतं तेव्हा सगळा हिशेब बदलतो. काही महिने लोक कसंतरी निभावून नेतात. पाच वर्षांत दुकानं बसतात, शाळा बदलल्या जातात.

मग सगळ्यात जास्त कुणाला बसतं?

वाहतूककोंडीच्या चर्चेत आवाज असतो गाडीवाल्याचा. तोही अडकतो, पण एसीत बसून अर्धा तास जास्त. पूल बंद झाल्याचा मोठा फटका गाडी नसलेल्यांना बसतो. केईएमला निघालेला आजारी माणूस रेल्वेच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या चढू शकत नाही. बेस्टची बस वळसा घालते, तेव्हा ती उशिरा येते आणि कधीकधी तिचा थांबाच बदलतो. टॅक्सीचं भाडं वाढतं. हातगाडीवाल्याला तर पर्यायी मार्ग असा नसतोच.

शिवाय या पुलाचा फायदा कुणाला होणार, हेही पाहा. एल्फिन्स्टनचा नवा पूल शिवडी-वरळी उन्नत मार्गाचा भाग आहे. तो मार्ग वरळीला अटल सेतूशी जोडणार. अटल सेतूवरून कार नेण्याचा एकेरी टोल आहे २५० रुपये. म्हणजे फायदा शहरभर आणि थेट नवी मुंबईपर्यंत पसरणार, तर त्रास दोन किलोमीटरच्या पट्ट्यात साठणार. मोठ्या प्रकल्पांचं हे जुनंच गणित आहे. म्हणून तर फायदा होणाऱ्यांनी त्रास सोसणाऱ्यांसाठी काही करावं, ही अपेक्षा अवाजवी नाही.

रस्ता बंद करायचं ठरवतं कोण?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर वाहनांना बंदी घालू शकते. बंदी एक महिन्यापर्यंतची असेल तर राजपत्रात प्रसिद्धीही लागत नाही, स्थानिक पातळीवर माहिती दिली की पुरतं. वाहनं कुठे उभी करायची हे ठरवण्याची तरतूद कलम ११७ मध्ये आहे. त्यात स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करायला सांगितलं आहे. रहिवाशांशी करा, असं कुठेच म्हटलेलं नाही.

एल्फिन्स्टनच्या बाबतीत वाहतूक पोलिसांनी एप्रिल २०२५ मध्ये हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, हे नोंदवायला हवं. त्या महिन्यात पूल बंद करायचा प्रयत्नही झाला. पुलालगतच्या ज्या इमारती पाडाव्या लागणार होत्या तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले, पुनर्वसनाचा प्रश्न मांडला आणि बंदी पुढे गेली. म्हणजे लोक एकत्र आले तर सरकार थांबतं. पण कागदावरच्या प्रक्रियेमुळे ते थांबलं नाही, रस्त्यावरच्या गर्दीमुळे थांबलं.

आणखी एक गोष्ट. मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. एल्फिन्स्टन पूल बंद झाला त्या दिवशी मुंबईत एकही नगरसेवक पदावर नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. 'आमच्या गल्लीत गाड्या कुठे लावायच्या?' हा प्रश्न घेऊन ज्याच्या दारात जायचं, ते दारच नव्हतं.

मग गाडी लावायची कुठे?

ना. म. जोशी मार्गावर आणि वरळीत बीडीडी चाळी आहेत. शंभर वर्षांपूर्वी त्या बांधल्या तेव्हा पार्किंग हा विषयच नव्हता. तिथली खोली १६० चौरस फुटांची. रस्त्यावर एका कारला लागणारी जागा साधारण अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे जवळपास १३५ चौरस फूट. एका कुटुंबाच्या जवळपास अख्ख्या घराएवढी जागा एक उभी कार खाते.

या चाळींमध्ये कार म्हणजे नेहमीच चैन असते असंही नाही. कुणाची टॅक्सी असते, कुणाचा टेम्पो, कुणाची डिलिव्हरीची दुचाकी. ती रात्री दारासमोर लागते, कारण दुसरी जागा नाही.

जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या परिसरात बेकायदा पार्किंगला मोठा दंड लावला. दुचाकीला ५,००० रुपयांपासून सुरुवात, तर अवजड वाहनाला उशिराचं शुल्क धरून २३,००० रुपयांपर्यंत. त्या मानाने मोटार वाहन कायद्यातला नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १,५०० रुपये आहे. उद्देश होता, लोकांनी रस्ता सोडून वाहनतळ वापरावेत. हे वाहनतळ बरेचसे बिल्डरांना जादा एफएसआय देऊन त्या बदल्यात मिळवलेले. म्हणजे त्यांची किंमत शहराने आधीच चुकवलेली आहे.

अडचण दराच्या रचनेत आहे. पे अँड पार्कचा तासाचा दर येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून ठरतो. खरेदीला आलेला माणूस दोन तास थांबतो, पैसे देतो, निघून जातो. रहिवाशाची गाडी रोज रात्री दहा तास उभी असते. समजा दर तासाला फक्त २० रुपये धरला, तरी रात्रीचे २०० आणि महिन्याचे ६,००० होतात. टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्याला हे परवडणारं नाही. मग तो पावती फाडणाऱ्याची वेळ संपायची वाट बघतो किंवा शेजारच्या गल्लीत गाडी लावतो. कोंडी सुटत नाही, फक्त एक गल्ली पुढे सरकते.

म्हणजे पार्किंगला पैसे घेणंच चूक आहे का?

नाही. उलट, रस्त्यावरचं फुकट पार्किंग हाच मोठा अन्याय आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटलं आहे की पार्किंगचं शुल्क त्या जमिनीच्या किमतीशी सुसंगत असावं. मुंबईत बहुतांश लोक लोकलने, बसने किंवा पायी जातात. त्यांच्या करातून बांधलेल्या रस्त्यावर दुसऱ्याची कार रात्रंदिवस फुकट उभी राहते आणि त्यांना मात्र फुटपाथ सोडून वाहनांमधून वाट काढावी लागते.

राजकीय पक्षांना मात्र हे बोलायचं नसतं. पुण्यात मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत पार्किंग धोरण आलं, तेव्हा विरोध एवढा झाला की अंमलबजावणी पाच रस्त्यांवर प्रायोगिक स्वरूपात करायचं ठरलं. शुल्काला विरोध केला की टाळ्या मिळतात. पण त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत फुटपाथवरून चालणाऱ्या आजी नसतात.

जागा नसेल तर गाडीच घेऊ नये, असं केलं तर?

जपानमध्ये १९६२ पासून तसा कायदा आहे. गाडी ठेवायला घरापासून ठरावीक अंतरात, सध्या दोन किलोमीटरच्या आत, जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. महाराष्ट्रातही मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या दाखल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, अशी भूमिका मांडली होती.

कल्पना चांगली आहे, पण ती आहे तशी आणली तर टॉवरमधल्या कुटुंबाला तिसरी गाडी सहज मिळेल आणि चाळीतल्या टॅक्सीवाल्याला पहिलीही मिळणार नाही. जागा ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच नियम फळेल. म्हणून दाखल्याआधी स्वस्त सामायिक वाहनतळ हवेत.

मग रहिवाशांनी मागायचं काय?

'पूल बंद करू नका' आणि 'पार्किंगला पैसे घेऊ नका' या दोन मागण्या ऐकायला सोप्या, पण टिकणाऱ्या नाहीत. टिकतील अशा मागण्या वेगळ्या आहेत.

पहिली, पूल पाडण्याआधी पायी जाणाऱ्यांची सोय. त्यात लिफ्ट हवी, चाकाची खुर्ची जाईल असा रस्ता हवा आणि दोन्ही बाजूंनी फेऱ्या मारणारी छोटी बस हवी. दुसरी, जिथे बंदीमुळे नो पार्किंग लागतं तिथल्या रहिवाशांना जवळच्या सार्वजनिक वाहनतळात रात्रीचा मासिक पास, एका घराला एकच आणि परवडेल अशा दरात. रात्री रिकाम्या राहणाऱ्या जागेचा तेवढा तरी उपयोग होईल. तिसरी, त्या वॉर्डात गोळा होणाऱ्या पार्किंग शुल्कातला ठरावीक वाटा तिथल्याच फुटपाथांवर आणि बसथांब्यांवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लागावा. चौथी, काम संपायची तारीख आदेशातच असावी आणि ती हुकली तर मुदतवाढीआधी लोकांसमोर सुनावणी व्हावी.

यातलं काहीही करायला नवा कायदा लागत नाही. वाहनतळ आहेत, वॉर्ड ऑफिस आहे, अधिसूचना काढणारे अधिकारी आहेत. आज त्या अधिसूचनेत गाड्यांनी कुठून वळायचं ते मीटरच्या हिशेबात लिहिलेलं असतं. माणसांनी कुठून जायचं, हेही तितक्याच नेमकेपणाने लिहिलं जाईल तेव्हा पूल पडला तरी शेजारच्या वस्तीची घडी मोडणार नाही.