झाग्रेबचे गाणे आणि युरोपची एकी

युरोव्हिजन गीतस्पर्धा म्हणजे निव्वळ करमणूक, असे मानणाऱ्यांनी झाग्रेबचा दाखला आठवावा. अकराव्या शतकापासून बिशपचे पीठ असलेल्या या प्राचीन नगरीत, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, ५ मे १९९० रोजी २२ देशांचे गायक जमले होते. आदल्या वर्षी युगोस्लाव्हियाचा ‘रीवा’ हा गायकवृंद विजयी झाल्याने यजमानपद त्या देशाकडे आले होते. झाग्रेबला पहिला आला तो इटलीचा तोतो कुतुन्यो. त्याच्या गीताचा विषय होता युरोपची एकजूट!

दैवदुर्विलास असा की, दुसऱ्याच दिवशी क्रोएशियात बहुपक्षीय निवडणुकीची दुसरी फेरी सुरू झाली आणि तीत फ्रान्यो तुजमान यांच्या राष्ट्रवादी पक्षाची सरशी झाली. २५ जून १९९१ रोजी क्रोएशियाने स्वातंत्र्य घोषित केले. ७ ऑक्टोबरला झाग्रेबच्या जुन्या भागातील शासकीय प्रासादावर हवाई हल्ला झाला. १९९३ च्या स्पर्धेत क्रोएशिया, स्लोव्हेनिया आणि बोस्निया स्वतंत्र देश म्हणून उतरले.

याचा दोष गाण्याला देता येणार नाही. रंगमंचावरून एकीची आकांक्षा व्यक्त होते. पण ती टिकते ती घटक प्रजासत्ताकांच्या परस्परविश्वासावर, न्याय्य सत्तावाटपावर आणि वाद मिटविणाऱ्या संस्थांवर. युगोस्लाव्हियात नेमका हाच पाया खचला होता. पुढे २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात दाखल झाला, तोही वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतर. गीतातली एकी तीन मिनिटांत गाऊन होते. राज्यांची एकी मात्र अशी कष्टानेच घडवावी लागते.