मजल-दरमजल

समृद्धी महामार्गाने नागपूरहून शिर्डीकडे निघालेल्या मोटारीला आमचा वाशीम जिल्हा ओलांडण्यास जेमतेम एक तास लागतो, आणि त्या तासात प्रवाशाच्या दृष्टीस पडतात ती दोन्ही बाजूंची कुंपणे, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव अशा नावांच्या पाट्या आणि हंगामाप्रमाणे सोयाबीनचा किंवा तुरीचा पळता हिरवा पट्टा. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तेव्हा या मार्गाने जिल्ह्याचे दैव उघडेल अशी आशा अनेकांनी बोलून दाखविली. शेतमालाच्या बाबतीत ती सार्थही ठरेल. परंतु जिथे प्रवाशाने थांबावे, चार घास खावेत आणि दोन गोष्टी ऐकाव्यात अशी अपेक्षा असते, त्या पर्यटनाच्या व्यवहारात ताशी 120 किलोमीटरचा वेग गावाच्या पदरात काहीच टाकत नाही.

महामार्गावर सायकलीला मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. मात्र उरलेला सगळा जिल्हा सायकलीला मोकळा आहे, आणि अलीकडे थंडीच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर डोक्याला हेल्मेट आणि हँडलला मोबाइल लावलेले परगावचे सायकलस्वार अधूनमधून दिसू लागले आहेत. त्यांना पाहून एक विचार मनात घोळत राहतो तो असा, की ग्रामीण पर्यटनाची आपली सारी कल्पना आजवर स्थळांभोवती फिरत आली, ती यापुढे मुक्कामांभोवती फिरावयास हवी. आणि तशी ती फिरविण्याचे साधन आता मुंबईच्या मंत्रालयाइतकेच मौजे गावच्या ग्रामपंचायतीच्याही हातात आले आहे.

स्थळांची वाण आम्हाला कधीच नव्हती. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरविले. पण अजिंठा पाहून परतणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना त्या राजाच्या नगरीचा पत्ता ठाऊक असतो, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. 1939 साली वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासाने या शाखेचा इतिहास सिद्ध झाला. त्या दानपत्रात दिलेल्या गावाचा ठिकाणा नंदिकटाच्या, म्हणजे बहुधा आजच्या नांदेडच्या, उत्तरमार्गावरचा असा सांगितला आहे. पुढे सातव्या शतकात पहिल्या भास्कराचार्यांनी 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची नगरे मोजली, त्यांत अवंतीबरोबर वत्सगुल्माचेही नाव घेतले, आणि वाशीमचे मध्यमेश्वराचे देवालय ती स्मृती आजही बाळगून आहे. ज्या नगरावरून एके काळी ज्योतिषी पृथ्वीवरची अंतरे मोजीत, त्याच्या शिवारातील निम्म्या वाटा आज मोबाइलच्या नकाशावर एक तर उमटलेल्या नाहीत किंवा चुकीच्या उमटल्या आहेत, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा.

वाशीमहून वायव्येस मालेगाव तालुक्यात शिरपूर आहे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची कृष्णवर्ण मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी राहिली आहे अशी श्रद्धा असल्याने तिला हे नाव पडले. पंथांच्या वादात या मंदिराचे दार चार दशकांहून अधिक काळ बंद राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 साली ते उघडले, एवढे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक असते. पण गावाबाहेरच्या पवळी मंदिराची जुनी दगडी घडण पाहण्याइतकी सवड मोटारीतून आलेल्याला क्वचितच असते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे काशीक्षेत्र. सेवालाल महाराजांच्या समाधीस्थानी रामनवमीला देशभरातून लोटणारा जनसमुदाय ज्याने पाहिला आहे, त्याला दूर अंतराची भीती वाटेनाशी होते. येथेच नंगारा वाद्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले असून 5 ऑक्टोबर 2024 रोजी त्याचे उद्घाटन झाले. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून मुलखामुलखांतून नेणाऱ्या या समाजाचे मुख्य भांडवल वाटांचे ज्ञान हेच होते. कोठे पाणी आहे, कोठे चारा आहे, कोणत्या नदीला कोणत्या महिन्यात उतार मिळतो, याची तोंडी नोंद तांड्याचा नाईक पिढ्यान् पिढ्या वागवीत असे. आगगाडीने तो व्यापार बुडविला आणि त्याबरोबर ते ज्ञानही बुडाले.

कारंजाची गोष्ट आणखी निराळी. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांची येथे बारमाही वर्दळ असते, आणि बहुतेक जण गुरुमंदिराचे दर्शन घेऊन प्रसाद झाला की परततात. पण जुन्या कारंजाच्या वेशी पाहाव्यात: दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा. ज्या वेशीतून जो रस्ता जिकडे निघतो त्याचे नाव त्या वेशीला, म्हणजे वाटसरूने वाचावयाची पाटी गावाने दगडातच बांधून ठेवलेली. आत गेल्यावर काष्ठासंघाच्या जैन मंदिरातील लाकडी कोरीव काम पाहावे. पहिल्या दृष्टिक्षेपात नुसता काळसर तकतकीत लाकडाचा भास होतो, आणि उजेडाला डोळे सरावले की त्या काळोखातून वेलपत्ती आणि आकृती हळूहळू वेगळ्या होऊ लागतात. याच गावच्या ग्रंथभांडारांतील अपभ्रंश भाषेतील हस्तलिखितांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डॉ. हिरालाल जैनांसारख्या विद्वानांचे लक्ष वेधले आणि पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' 1931 साली कारंजा ग्रंथमालेत छापले गेले. शिवाय जवळच कारंजा-सोहोळचे अभयारण्य आहे, आणि तेथे गवताळ माळावर काळविटांचे कळप मोटारीच्या आवाजाने उधळतात, हलक्या पावलांनी आलेल्याला मात्र थोडा वेळ तरी दर्शन देतात.

आता ही ठिकाणे नकाशावर मांडून पाहिली की ध्यानात येते, ती अशी विखुरली आहेत की एकेका ठिकाणासाठी मुंबई-पुण्याहून कोणी मुद्दाम येणार नाही, आणि एकत्र गुंफल्यास पाच-सहा दिवसांचा भरगच्च प्रवास होतो. अकोला-पूर्णा लोहमार्गाने वाशीमला उतरावे, शिरपूर करावे, मंगरूळपीरला हयात कलंदरांच्या दर्ग्यावर माथा टेकून कारंजा गाठावे आणि मानोऱ्यावरून पोहरादेवीकडे वळावे, ही मजल सायकलीच्या मापाचीच आहे. जुन्या काळी बैलगाडी दिवसभरात जितके अंतर कापून मुक्कामाला येत असे, साधारण त्याच हिशेबाने आमच्या गावांचे आठवडी बाजार वसले. सायकलस्वाराला तेवढाच टप्पा अर्ध्या दिवसात गाठता येतो आणि उरलेला अर्धा दिवस गावाला देता येतो. मोटारवाल्याची शिदोरी डिकीत असते. सायकलस्वाराला मात्र दर तासाला पाणी लागते, दोन तासांनी भूक लागते आणि संध्याकाळी अंथरूण लागते. त्याची प्रत्येक गरज ही गावातील कोणाची तरी मिळकत आहे.

पण त्याला ही सोय कोठे आहे हे सांगणार कोण? शेलूबाजारच्या वाटेवर एका पंक्चरच्या टपरीशी मी हवा भरण्यासाठी थांबलो असताना शहरातला एक तरुण सायकलस्वार तेथे आला. मोबाइलने दाखविलेल्या जवळच्या वाटेने तो निघणार, तोच टपरीचा मालक ट्यूब पाण्यात बुडवीत मान वर न करताच म्हणाला, "भाऊ, थ्या मोबाइलच्या नांदी नोका लागू. थे पांदन हाय. रातच्यानं पानी पल्लं, आता तिथून बैल बी निंघत नाई." तरुणाने त्याचे ऐकले म्हणून बरे झाले. आमच्या काळ्या मातीचा स्वभाव असा की पाऊस पडताच ती चाकाला लपेटते, मडगार्डमध्ये ठासून बसते, आणि मग सायकलीवर माणूस बसण्याऐवजी माणसाच्या खांद्यावर सायकल बसते. नकाशाने दाखविलेली रेषा खोटी नव्हती. तिच्यावर केव्हा जावे आणि केव्हा जाऊ नये एवढेच तिला ठाऊक नव्हते, आणि नेमके तेच टपरीवाल्याला ठाऊक होते.

ग्रामीण पर्यटनाला डिजिटल साधनांची जोड द्यावयाची म्हणजे हे टपरीवरचे ज्ञान नकाशावर चढवावयाचे, असा माझा साधा अर्थ आहे. 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा नकाशा कोणालाही विनामूल्य दुरुस्त करता येतो. गावच्या एखाद्या चुणचुणीत मुलाने किंवा मुलीने मोबाइल खिशात टाकून पांदण रस्ता चालून काढला की ती वाट त्यात नोंदविता येते. ती डांबरी आहे, खडीची आहे की मातीची, वाटेत हापशी कोठे आहे, कोणता पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, हाही तपशील तिच्याखाली लिहिता येतो. असा नकाशा आधीच उतरवून घेतला तर रेंज नसलेल्या माळावरही तो उघडतो, आणि पैशांची देवघेव करण्यास दुकानाच्या फळीवर चिकटविलेला यूपीआयचा चौकोन पुरेसा होतो. कोट्यवधींचे संकेतस्थळ बांधून त्याचे थाटाने उद्घाटन करावे आणि दुसऱ्या वर्षी त्यातील दूरध्वनी क्रमांकही लागू नयेत, हा जो सरकारी शिरस्ता सर्वत्र दिसतो, त्याचे कारण तंत्राची उणीव हे नसून नोंदीची मालकी ज्याच्याकडे असावी त्याच्याकडे ती नसणे हे आहे.

या बाबतीत परमुलखातील एक उदाहरण मननीय आहे. बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या. शेवटची 1992 साली बंद पडली. ह्यूगो बोलेन नावाच्या तेथील खाण-अभियंत्याला, भूगर्भातील बोगद्यांचे सांधे क्रमांकांनी ओळखण्याची पद्धत परिचयाची होती. तीच त्याने जमिनीवर आणली. जिथे दोन सायकलवाटा मिळतात तिथे एक क्रमांकाचा खांब रोवावयाचा आणि पुढच्या क्रमांकांकडे बाण दाखवावयाचे, एवढी ही युक्ती. स्वाराने सकाळी चार-सहा आकडे कागदावर टिपून घ्यावेत आणि निघावे. 1995 साली सुरू झालेली ही पद्धत पुढे नेदरलँड्सभर आणि जर्मनीतही पसरली, आणि मोबाइलवरचे मार्गदर्शन त्यावर मागाहून चढले. त्यांनी आधी खांब रोवले आणि मग यंत्र आणले. आपण यंत्र आधी आणतो आणि खांब रोवावयाचे विसरतो.

वाशीम जिल्ह्यात असे खांब रोवण्यास फार मोठा अर्थसंकल्प लागणार नाही. गावोगावच्या पारावर, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर क्रमांक रंगवावा, त्याखाली पुढच्या तीन गावांची नावे आणि अंतरे लिहावीत, आणि शेजारी एक क्यूआर चौकोन लावून तो गावच्या नोंदीला जोडावा. त्या नोंदीत ऐतिहासिक महत्त्वाचे भारदस्त परिच्छेद नसले तरी चालतील. पिण्याचे पाणी, पंक्चर काढणारा, जेवण देणारे घर, स्त्रियांना निर्धोकपणे वापरता येईल असे स्वच्छतागृह, रात्री राहण्याची सोय आणि डॉक्टरांचा ठिकाणा, एवढे खरे आणि ताजे असले की पुरे. जेवणात शहरी नक्कल करण्याचे कारण नाही. शेतात गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी यांच्यापुढे कोणत्याही हॉटेलचा बडेजाव फिका पडतो, आणि रोडग्यांची अशी पंगत घालण्याचे कसब आमच्या खेड्यांत अद्याप जिवंत आहे. राज्य शासनाने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केलेच आहे. शेतकऱ्याने त्याखाली नोंदणी केल्यास त्याच्या घरच्या पाहुणचाराला कागदोपत्री आधारही मिळतो.

हरकती घेणारे घेतील. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात सायकल कोण चालवणार, असे ते विचारतील, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे; एप्रिल-मे महिने सोडूनच द्यावे लागतील आणि पावसाळ्यात फक्त डांबरी वाटा खुल्या ठेवाव्या लागतील. उरतो तो ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा हंगाम, सोयाबीन निघून गेल्यावर शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते तेव्हाचा. दुसरी हरकत अशी की मूठभर सायकलस्वारांनी जिल्ह्याचे दारिद्र्य हटणार आहे काय? हटणार नाही, सोयाबीनचा भाव पडला तर पर्यटन त्याची भरपाई करू शकणार नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये. पण ज्या गावात रोख पैसा वर्षातून दोनदाच शिरतो, तिथे आठवड्याला चार पाहुण्यांच्या जेवणाचे पैसे एखाद्या बचत गटाच्या हाती पडणे ही उपेक्षणीय गोष्ट नव्हे. आणि ज्या खडबडीत वाटा सायकलस्वारासाठी दुरुस्त होतील, त्यांच्यावरून वर्षाचे बाराही महिने सायकलने शाळेला जाणाऱ्या मुलीच अधिक जाणार आहेत. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली मिळाल्या. त्या सायकलींच्या योग्यतेचा रस्ता मात्र सर्वत्र मिळालेला नाही. पाहुण्याच्या निमित्ताने घर झाडले जाते, तसा पाहुण्याच्या निमित्ताने रस्ता सुधारला, तर त्यात कमीपणा कसला?

2 ऑक्टोबरची ग्रामसभा हंगामाच्या तोंडावरच येते. पुढल्या सभेत एखाद्या गावाने रस्ता, पाणी आणि मुक्काम या तीन बाबींची यादी करून ती ठरावाने मंजूर करावी, ती दर महिन्याला तपासून ताजी ठेवण्याचे काम गावातल्याच एका शिकलेल्या मुलीवर मानधनासह सोपवावे, आणि शेजारच्या गावालाही तसेच करण्यास भरीस घालावे. दहा गावांनी एवढे केले की एक मार्ग तयार होतो. जिल्हा परिषदेने आणि पर्यटन विभागाने त्यानंतर येऊन त्या मार्गाला नाव द्यावे, फीत कापावी, छायाचित्रे काढावीत. तोवर नोंद गावाच्या दफ्तरात पक्की झालेली असेल, आणि साहेब बदलले म्हणून ती पुसली जाणार नाही.