हप्ता लातूरचा, बिल पुण्याचे

मोबाइलवर आरोग्य विम्याचा हप्ता बघायला गेले की वयाबरोबर पिनकोडही विचारला जातो. तो पत्र पाठवण्यापुरता नसतो. त्या सहा आकड्यांवर हप्ता बदलतो. अनेक कंपन्यांनी देशाचे झोन पाडले आहेत. मुंबई, दिल्ली महागड्या झोनमध्ये. पुणे, हैदराबाद कुणाकडे पहिल्या, कुणाकडे दुसऱ्या. नांदेड, लातूर बहुधा शेवटच्या. मोठ्या शहरात खोलीचे भाडे, शस्त्रक्रियेचा खर्च जास्त, म्हणून हप्ताही जास्त. साठीनंतर मूळ हप्ताच मोठा असल्याने हा फरक निवृत्तांना अधिक जाणवतो.

इथवर हिशेब मराठवाड्याच्या फायद्याचा वाटतो. पण आजार गुंतागुंतीचा झाला की नांदेडचे रुग्ण हैदराबाद गाठतात, लातूरचे पुणे किंवा सोलापूर. स्वस्त झोनचा हप्ता भरून महाग झोनमध्ये उपचार घेतले, तर काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक टक्का रुग्णालाच भरावा लागतो. त्याला को-पे म्हणतात. समजा तो २० टक्के आहे आणि पुण्यात ४ लाखांचे बिल झाले, तर ८० हजार खिशातून. हप्त्यात वाचलेले पैसे डिस्चार्जच्या एकाच दिवशी जातात.

झोननिहाय दर ठेवणे गैर नाही. विकताना स्वस्त हप्ता तेवढा दाखवून ही अट न सांगणे गैर आहे. १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना नव्या स्वरूपातील सोपे माहितीपत्रक द्यावे लागते, ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेतही. ते मराठीत मागावे आणि को-पेचा मजकूर आधी वाचावा. काही पॉलिसींत जादा हप्ता भरून वरचा झोन घेता येतो. वर्षातले सहा महिने पुण्यात मुलाकडे काढणाऱ्यांना तो परवडतो. कायमचे तिकडे गेल्यास नवा पत्ता कंपनीला कळवलेलाच बरा.

सगळीकडे एकच दर अशक्य आहे, असेही नाही. विमा नियामक 'इर्डा'ने २०२० मध्ये आणलेल्या 'आरोग्य संजीवनी'त झोननुसार दर लावायला मनाई आहे. को-पे त्यातही आहे, पण ५ टक्के आणि सर्वांना सारखा. अर्थात मुंबईच्या बिलांचा थोडा भार मग लातूरवरही येतो.

सत्तरी गाठलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून 'आयुष्मान भारत'मध्ये उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हप्ता नाही, झोन नाही; योजनेतील रुग्णालय दुसऱ्या राज्यातले असले तरी चालते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या शिक्षकाला मात्र त्यासाठी आणखी १२ वर्षे थांबावे लागते.