आजींचा रक्तदाब : किती कडक, किती सैल?

मुलुंड-घाटकोपर असो वा अंधेरी-बोरिवली, ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिरात रक्तदाबाच्या टेबलाशी दोन तऱ्हेच्या आजी भेटतात. एकीचा ‘शंभर अधिक वय’ या जुन्या हिशेबावर विश्वास. 165 आले तरी ती निर्धास्त. दुसरीच्या घरी डिजिटल मशीन. 132 दिसले तरी तिची झोप उडते. दोघींचेही काही अंशी चुकते आहे.

मुंबई महापालिकेच्या 2021 च्या पाहणीत 18 ते 69 वयाच्या सुमारे 34 टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. सत्तरीपुढच्या स्त्रिया त्या पाहणीत नव्हत्याच. पाळी गेल्यानंतर रक्तवाहिन्या ताठर होत जातात. वरचा आकडा चढतो, खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो. हे वयानुसार होते हे खरे, पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायवेट’ या अभ्यासात ऐंशीपुढच्या रुग्णांचा रक्तदाब औषधांनी 150/80 पर्यंत आणण्याचे उद्दिष्ट होते. त्यांच्यातील मृत्यू 21 टक्क्यांनी घटले. ‘शंभर अधिक वय’ हा हिशेब इथेच निकालात निघतो.

मग आकडा जितका खाली तितका बरा का? 2015 च्या ‘स्प्रिंट’ अभ्यासात पन्नाशीपुढच्या, मधुमेह नसलेल्या रुग्णांचा वरचा आकडा 120 च्या खाली ठेवल्यावर हृदयविकार आणि मृत्यू कमी झाले. पण त्याच गटात रक्तदाब फार उतरणे, भोवळ येऊन पडणे आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. हाडे ठिसूळ झालेल्या बाईला रात्री बाथरूमकडे जाताना आलेली एक चक्कर खुब्याच्या फ्रॅक्चरपर्यंत नेऊ शकते. तज्ज्ञांचेही एकमत नाही. 2017 या एकाच वर्षी अमेरिकेतील एका तज्ज्ञगटाने साठीपुढे 150 ची मर्यादा सुचवली, तर दुसऱ्याने 130/80 ची. त्याच वर्षी महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने 140/90 हा आकडा धरला.

नाडीचेही तसेच. शांत बसल्यावर मिनिटाला 60 ते 100 ठोके सर्वसाधारण. स्त्रियांची नाडी पुरुषांपेक्षा किंचित जलद असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती मंदावते. पण संख्येइतकीच लयही महत्त्वाची. ठोके अनियमित लागत असतील तर ईसीजी काढायलाच हवा, कारण हृदयाची लय बिघडली की पक्षाघाताचा धोका वाढतो.

आमचे मत असे : हिंडत्या-फिरत्या, स्वतःचे सारे करणाऱ्या आजीने डॉक्टरांच्या देखरेखीखाली 130 च्या आसपास यायला हरकत नाही. थकलेल्या, पडण्याची भीती असलेल्या आजीला थोडी सैल मर्यादा द्यावी. मात्र ती डॉक्टरांनी ठरवावी, शेजारणीने नव्हे. आणि बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. घरी मोजताना आठवडाभराची सरासरी धरावी. ती 135/85 च्या वर राहिली, तर डॉक्टरांना दाखवावी.

पण मोजमापच चुकले तर ही सारी चर्चा फोल आहे. स्टेशनचा पूल चढून आलेल्या बाईला लगेच पट्टा बांधला, तोही ब्लाउजच्या बाहीवरून, तर आकडा भलताच येतो. म्हणून शिबिरे भरवणाऱ्या संघांना आणि महापालिकेच्या दवाखान्यांना आमची विनंती : आजीला पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसू द्या. दंड मोकळा करून दोनदा मोजा. मग तिला उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर तशी नोंद तिच्या कागदावर करा. गोळी वाढवायची की कमी करायची, हे ठरवताना तिच्या डॉक्टरांना ती नोंद लागणार आहे.