दगड कुणाचा?

पांढुर्णा म्हटले की आपल्याला गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड मारतात. माणसे जखमी होतात, कधी मरतातही. पण कुणाचा दगड कुणाला लागला, हे कुणी सांगू शकत नाही. गर्दीवर दावा कसा लावणार?

पांढुर्णा आणि सौंसर हा मध्य प्रदेशातला मराठी बोलणारा मुलूख. 2023 पर्यंत तो छिंदवाडा जिल्ह्यात होता, आता त्याचा वेगळा जिल्हा आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात या भागात कोल्ड्रिफ हे खोकल्याचे औषध पिऊन 20 हून अधिक मुले दगावली. बहुतेक छिंदवाड्याची, पण त्यांत पांढुर्णा जिल्ह्याचेही एक मूल होते. मूत्रपिंडे निकामी झालेली पोरे घेऊन आईबाप नागपूरला धावले. तामिळनाडू सरकारच्या तपासणीत त्या औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मर्यादा आहे 0.1 टक्का.

हा दगड काही गर्दीतून आला नव्हता. त्यावर कंपनीचे नाव होते, बॅच नंबर होता. तरी आधी अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला. मग मालक धरला गेला, परवाना रद्द झाला. आणि सरकारने प्रत्येक कुटुंबाला 4 लाख रुपये जाहीर केले.

मी सरकारी कारकून. सानुग्रह मदत या शब्दाचा अर्थ मला फायलींनी शिकवला आहे. सानुग्रह म्हणजे कृपा. कृपा मागायची असते, भरपाई वसूल करायची असते. चूक कारखान्याची आणि पैसे करदात्याचे, याला न्याय म्हणायचे?

काही शहाणे म्हणतात, अमेरिकेसारखे दाव्यांचे पीक आपल्याकडे नको, उद्योग बुडतील. अहो, पीक कुठले, इथे पेरणीच झालेली नाही! तिथला वकील दावा जिंकला तर रकमेतला वाटा घेतो, म्हणून गरिबालाही वकील मिळतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी असा वाटा निषिद्ध आहे. 1855 च्या कायद्याने मृताच्या वारसांना दावा लावता येतो, पण मुदत दोन वर्षांची. पोर गेलेल्या मजुराने ती मुदत मोजत बसायची?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि राज्य सरकारलाही तक्रार करता येते. मग सरकारने ती करावी. मात्र पालकांना विचारून. भोपाळमध्ये सरकारने पीडितांच्या वतीने दावा चालवला आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर परस्पर तडजोड केली, तसे पुन्हा नको.

आणि हे पहिल्यांदा घडलेले नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने 14 रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी करून अहवाल दिला. त्यानंतरही मुलांच्या बाटलीत तेच विष सापडते.

डॉक्टरने, मालकाने आपापली शिक्षा भोगावी. पण माणूस तुरुंगात गेला म्हणून कंपनी मोकळी होत नाही. मी कचेरीत स्कूटरने जातो, तिचा थर्ड पार्टी विमा नसेल तर पोलीस मला अडवतात. औषधाच्या कारखान्याला मात्र असा विमा सक्तीचा नाही. वेर्ण्यातही औषधांचे कारखाने आहेत. तेव्हा पांढुर्णा लांब आहे, असे समजू नका.